लघवीतून रक्त: नागपूर-विदर्भातून वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी नागपुरात मूत्रविकारांची प्रॅक्टिस करतो. ओपीडीत, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर लोक जे विचारतात, तेच इथे एकत्र केलंय. काही जण नागपुरातले, काही भंडारा, गोंदिया, गडचिरोलीचे. प्रश्न लोकांच्याच शब्दांत ठेवलेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात गुंतलेलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. लघवी लाल झाली, म्हणजे रक्तच आहे ना?

बहुतेक वेळा हो, पण नेहमी नाही. बीट खाल्ल्यावर काही जणांची लघवी गुलाबी होते. टीबीच्या रिफॅम्पिसिन गोळीने ती केशरी-लाल होते, घाम आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा रंगतं. जळजळ कमी करायला दिलेल्या काही गोळ्यांनीही केशरी रंग येतो. बाळाच्या लंगोटावर पहिल्या काही दिवसांत विटकरी डाग पडतो, तो बहुधा युरिक ॲसिडच्या कणांचा असतो. तरी बाळाच्या डॉक्टरांना तो दाखवा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. लीटरभर लघवीत एक मिलीलीटर रक्त मिसळलं तरी रंग बदललेला दिसतो. म्हणून रंगावरून "फार रक्त गेलं" किंवा "थोडंच आहे" असा अंदाज बांधू नका. साधी मायक्रोस्कोपखालची लघवी तपासणी रक्तपेशी आहेत की नाहीत ते सांगते.

घरी एक करा. आपल्याकडे बाथरूमच्या टाइल्स गडद असतात, दिवा मंद असतो, आणि कित्येक पुरुषांना रंग बदललेला महिनोन्‌महिने कळत नाही. शंका आली की स्वच्छ काचेच्या ग्लासात लघवी घेऊन उजेडात धरा आणि मोबाइलवर फोटो काढा. तो फोटो माझ्यासारख्या डॉक्टरला तुमच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

२. मला तर काही दिसत नाही, पण रिपोर्टमध्ये "आरबीसी ८ ते १०" लिहिलंय. घाबरू का?

घाबरू नका, पण रिपोर्ट फाइलमध्ये ठेवून विसरूही नका. मायक्रोस्कोपच्या एका क्षेत्रात तीन किंवा जास्त लाल पेशी दिसल्या तर आम्ही त्याला सूक्ष्म रक्तस्राव म्हणतो. पाळी सुरू असताना, तापात किंवा जोरदार व्यायामानंतर नमुना दिला असेल तर आधी ते निवळू द्या आणि पुन्हा तपासा. इन्फेक्शन असेल तर उपचार पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासा. त्यानंतरही पेशी दिसल्या तर कारण शोधायचं. चाळिशीनंतर किंवा विडी-सिगारेटची सवय असेल तर आम्ही जास्त कसून शोधतो.

नमुना कसा द्यायचा हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून सांगतो. जागा धुऊन घ्या, पहिली धार सोडा, मधली धार लॅबच्या डबीत घ्या, आणि तासा-दीड तासात पोहोचवा. घरातल्या औषधाच्या जुन्या बाटलीत, मेच्या उन्हात डिक्कीत दोन तास फिरलेली लघवी तपासून काहीच उपयोग नाही. पेशी तोवर फुटून जातात.

३. नागपूरचा उन्हाळा, पाणी कमी पडलं, उन्हाळी लागली. त्यात रक्त येतंच ना थोडं?

नाही. हा गैरसमज इतका खोल रुजलाय की त्यावर मी जास्त बोलतो. "उन्हाळी लागली" हा आपला शब्द जळजळीसाठी आहे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा पंचेचाळिशीच्या आसपास गेला आणि तुम्ही दिवसभर उन्हात असलात तर लघवी घट्ट, पिवळीजर्द होते, थेंबथेंब होते, जळजळते. हे खरं आहे. पण ऊन स्वतः लाल रक्तपेशी तयार करत नाही. रक्त दिसलं तर उन्हाखाली काहीतरी दडलेलं आहे, बहुधा खडा किंवा इन्फेक्शन. पाण्याअभावी दोन्ही उन्हाळ्यातच डोकं वर काढतात.

सब्जा, धन्याचं पाणी, जवाचं पाणी खुशाल घ्या. पोटात पाणी गेलं तर फायदाच आहे. पण ते प्याल्यावर रक्त थांबलं म्हणजे "उष्णता उतरली" असं समजून गप्प बसू नका. का, ते पुढच्या उत्तरात आहे.

४. एकदाच लाल झाली, काही दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी साफ. आता डॉक्टरकडे जायची गरज काय?

याच माणसाने सगळ्यात आधी यायला हवं. न दुखता येणारं, डोळ्यांना दिसणारं रक्त, विशेषतः पन्नाशीनंतर आणि तंबाखू ओढणाऱ्यात, मूत्राशयातल्या गाठीचं पहिलं लक्षण असू शकतं. आणि त्या गाठीचा स्वभावच असा की ती एकदा रक्त सोडते आणि महिनोन्‌महिने गप्प बसते. रक्त थांबणं हा तिच्या वागण्याचा भाग आहे, बरं होण्याचा नाही.

एका गृहस्थाने माझ्यासमोर मोबाइल पुढे केला. पहिला फोटो दिवाळीतला, दुसरा होळीचा, तिसरा नवतप्यातला. तिन्ही लाल. मधल्या काळात लघवी स्वच्छ, म्हणून त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण टाकून पाहिलं तेव्हा मूत्राशयाच्या भिंतीवर, पाण्यात हलणाऱ्या शेवाळासारखा नाजूक झुबका दिसला. त्यांचं नशीब चांगलं. गाठ वरच्या थरातच होती. दुर्बिणीतून खरवडून काढली आणि नंतर मूत्राशयात बीसीजी सोडलं. हो, लहान मुलांना देतात तेच बीसीजी, इथे मूत्राशयात. आता तीन महिन्यांनी दुर्बीण टाकून पाहायला ते नेमाने येतात, कारण ही गाठ परत येऊ शकते. दिवाळीतच आले असते तर अर्धं वर्ष काळजीत गेलं नसतं, एवढंच म्हणतो.

प्रत्येकाला कॅन्सरच निघतो असं अजिबात नाही. खडा, इन्फेक्शन, प्रोस्टेट ही कारणं जास्त दिसतात. पण कोणतं कारण आहे हे तपासल्याशिवाय मलाही सांगता येत नाही, आणि तुम्हालाही नाही.

५. आईला वर्षभरात चारदा "इन्फेक्शन" झालं. गोळ्या घेतल्या की बरं, मग पुन्हा रक्त. हे असंच चालायचं का?

बायकांना मूत्रमार्गाचं इन्फेक्शन वारंवार होतं, म्हणून दरवेळी तेच गृहीत धरलं जातं. पण इन्फेक्शन आहे हे सिद्ध व्हायला लघवीची कल्चर तपासणी लागते. कल्चरमध्ये जंतू उगवला नाही आणि तरी रक्त आहे, किंवा औषध पूर्ण घेऊनही रक्त येतच आहे, तर अँटिबायोटिकचा पाचवा कोर्स नको, सोनोग्राफी आणि दुर्बीण हवी. बायकांमधला मूत्राशयाचा कॅन्सर अशाच "पुन्हा इन्फेक्शन"च्या गोळ्यांखाली महिनोन्‌महिने झाकला जातो. आईसाठी चारही वेळचे रिपोर्ट घेऊन या. पाळी गेलेल्या बाईच्या बाबतीत हे रक्त लघवीतूनच येतंय की गर्भाशयातून, तेही स्त्रीरोगतज्ज्ञांकडून एकदा बघून घ्यावं.

६. कंबरेतून जांघेपर्यंत कळ गेली आणि लघवी गुलाबी. खडा का?

बहुधा हो. खडा किडनीतून मूत्राशयात येणाऱ्या नळीत अडकला की कळ लाटेसारखी येते, मळमळतं, कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही. खडा भिंतीला घासतो, म्हणून रक्त. पण रक्त नाही म्हणजे खडा नाही, असं नाही. दर पाचेक रुग्णांत एखाद्याच्या लघवीत रक्त सापडतच नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात खड्याची गर्दी वाढते. उपाय कंटाळवाणा आहे. दिवसभरात दोन ते अडीच लीटर लघवी होईल इतकं पाणी प्या, आणि लघवीचा रंग पाण्यासारखा फिका ठेवा. कळीसोबत थंडी वाजून ताप आला तर मात्र घरी थांबू नका, प्रश्न १७ पाहा.

७. बाबांचं प्रोस्टेट वाढलंय. रक्त त्याचंच असेल ना?

असू शकतं. वाढलेल्या ग्रंथीवरच्या बारीक नसा फुटतात, आणि धारेच्या सुरुवातीला किंवा शेवटी रक्त येतं. पण "प्रोस्टेटच असेल" हा निष्कर्ष बाकीची कारणं तपासल्यानंतरच काढायचा. आणखी एक गोष्ट रुग्ण विसरतात. प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड गोळी चालू असेल तर रक्तातला पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय तपासायचा आकडा) निम्म्यावर येतो, म्हणून पीएसए तपासताना ती गोळी घेताय हे जरूर सांगा. नाहीतर रिपोर्ट फसवतो.

८. विडी सोडून दहा वर्षं झाली. आता फक्त खर्रा. मला धोका नाही ना?

धोका आहे, पण कमी झालेला. विडी-सिगारेटच्या धुरातली रसायनं रक्तात जातात, किडनी ती गाळते, आणि लघवी मूत्राशयात थांबते तेवढा वेळ ती भिंतीला लागून राहतात. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं माहीत असलेलं कारण धूम्रपान आहे. सोडल्यावर धोका वर्षागणिक उतरतो, पण कधीही न ओढलेल्या माणसाइतका होत नाही. म्हणून डॉक्टरला "आता नाही" एवढंच सांगू नका, किती वर्षं आणि रोज किती ते सांगा.

खर्ऱ्याबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे. तो तोंड आणि जबडा खातो, ते आम्ही विदर्भात रोज पाहतो. त्यामुळे "फक्त" हा शब्द मला बोचतो. खर्रा ही काही विडी सोडल्याची बक्षिसी नव्हे.

रंग, रबर, चामडं किंवा कापडाच्या रंगाईचं काम वर्षानुवर्षं केलं असेल तर तेही सांगा. काही जुन्या रंगद्रव्यांतल्या रसायनांचा या आजाराशी संबंध आहे.

९. माझा सिकल "एएस पॅटर्न" आहे. डॉक्टर म्हणाले, वाहकाला काही होत नाही. मग लाल लघवी काऊन आली?

सिकल हा लाल पेशी विळ्यासारख्या करणारा आनुवंशिक आजार. "एएस" म्हणजे वाहक, "एसएस" म्हणजे रुग्ण. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बहुतेक बाबतींत बरोबर आहे. पण वाहकालाही लघवीतून रक्त जाऊ शकतं, हा अपवाद माहीत हवा. किडनीच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त असतात. तिथे वाहकाच्या पेशीही विळ्यासारख्या होऊ शकतात. मग बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि किडनीच्या टोकाकडचा भाग दुखावतो. रक्त बहुधा न दुखता येतं, आणि जास्त करून डाव्या किडनीतून.

विदर्भातल्या अनेक समाजांत सिकल आहे, आणि घरात एकाचा रिपोर्ट असेल तर बाकीच्यांचा काढायला वेळ लावू नये. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस करून "एएस" की "एसएस" ते ठरतं. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकल निर्मूलन मोहीम सुरू झाली, त्यामुळे तपासणी आता सरकारी दवाखान्यांतही होते.

रक्त आल्यावर आराम करा आणि भरपूर पाणी प्या. बहुतेक वेळा थांबतं. मात्र एकदा सोनोग्राफी आणि गरज पडली तर सीटी करायलाच हवी, कारण वाहकांमध्ये, आणि तेही तरुणांत, किडनीचा एक दुर्मीळ पण जहाल कॅन्सर होऊ शकतो. आणि कृपा करून मेडिकल दुकानातून रक्त थांबवायची ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी स्वतः घेऊ नका. किडनीतून येणाऱ्या नळीत रक्ताची गुठळी होऊन वाट अडली तर रक्तापेक्षा मोठं संकट उभं राहतं.

१०. मुलाला घसा दुखून गेला. आता सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि लघवी काळ्या चहासारखी. हे काय?

आजच बालरोगतज्ज्ञाला दाखवा. घशाच्या इन्फेक्शननंतर एक-दोन आठवड्यांनी, आणि अंगावरच्या खरजेच्या फोडांनंतर काही आठवड्यांनी, किडनीच्या गाळण्यांना सूज येऊ शकते. तेव्हा रक्त लाल दिसत नाही, तपकिरी दिसतं, कारण पेशी गाळणीतून झिरपतात. सूज आणि रक्तदाब ही खरी काळजीची लक्षणं आहेत. मुलाचा बीपी मोजून घ्या, मुलांचा कोणी मोजतच नाही. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात.

सर्दी किंवा घसा असतानाच, दिवस-दोन दिवसांत, लघवी रंगत असेल आणि हे पुन:पुन्हा होत असेल, तर तो आयजीए नेफ्रोपॅथी नावाचा दुसरा आजार असू शकतो. तो किडनीच्या डॉक्टरने पाहायचा, प्रश्न १६ पाहा.

११. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. रक्त त्यानेच येतंय, मग बंद करू?

स्वतःहून बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर एस्पिरिन-क्लोपिडोग्रेल अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. वॉरफेरिन घेत असाल तर आजच आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) करा. आणि "गोळीनेच येतंय" म्हणून विषय संपत नाही. गोळी रक्त वाहू देते, पण भोक दुसऱ्याने पाडलेलं असतं. बाकी सगळ्यांसारखीच तपासणी तुमचीही व्हायला हवी.

१२. पोलीस भरतीसाठी रोज धावतो. काल खूप धावलो, आज लघवी काळपट लाल. विश्रांती घेतली तर बरं होईल ना?

इथे दोन गोष्टी दिसायला सारख्या आहेत. जोरात धावल्यावर मूत्राशयाच्या भिंती एकमेकींवर आपटून थोडं रक्त येऊ शकतं. हे तीनेक दिवसांच्या आरामाने जातं.

पण तुम्ही म्हणता "काळपट", आणि अंगही ठणकत असेल, मांड्या दाबल्यावर दुखत असतील, तर स्नायू तुटून त्यातलं द्रव्य लघवीत उतरलेलं असू शकतं. पट्टी तपासणी "रक्त पॉझिटिव्ह" दाखवते, पण मायक्रोस्कोपखाली पेशी नसतात. ही किडनी बंद पाडणारी अवस्था आहे. उन्हात सराव आणि पाणी कमी, हे मिश्रण आपल्याकडच्या पोरांना फार त्रास देतं. सकाळी सहाच्या आत धावा, पाणी सोबत ठेवा, आणि आज सीपीके (स्नायूंची) व क्रिएटिनिन (किडनीची) ही रक्ततपासणी करायला जा.

१३. शेतात साप चावला, दवाखान्यात भरती होते, आणि लघवी लाल झाली. त्याचा काय संबंध?

थेट संबंध आहे. घोणसचं विष रक्ताची गोठण्याची ताकद काढून घेतं आणि किडनीवरही घाव घालतं. लाल लघवी, हिरड्यांतून रक्त, कमी होणारी लघवी, यातलं काहीही दिसलं की प्रतिविष आणि किडनीवर लक्ष हे दोन्ही हवं. ज्याला साप चावलाय त्याच्याकडे वेळ नसतो, मांत्रिकाकडचा फेरा तर मुळीच परवडत नाही.

याच रांगेतले आणखी दोन. डेंग्यूत प्लेटलेट पडल्यावर लघवीत रक्त येणं ही धोक्याची खूण आहे. मलेरियात लघवी काळी होणं, किंवा प्रायमाक्विन गोळी घेतल्यावर काळी होणं, हीसुद्धा. दुसऱ्या बाबतीत जी-सिक्स-पीडी या लाल पेशींतल्या एन्झाइमची कमतरता असू शकते, गोळी थांबवून लगेच डॉक्टरला गाठा.

१४. जळजळ आहे, दिवसरात्र वारंवार लागते, पस पेशी भरपूर, पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही.

टीबीचा विचार करा. मूत्रमार्गाचा टीबी खोकल्याविना येतो. सलग तीन ते पाच दिवस पहाटेची लघवी तपासायला द्यावी लागते, कारण जंतू रोज उतरत नाहीत. उशीर झाला तर मूत्राशय आकसतं आणि नळ्या अरुंद होतात, मग औषध घेऊनही त्या पूर्ववत होत नाहीत. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी केशरी झाली म्हणून पळून येऊ नका, ते प्रश्न १ मध्ये आहे.

१५. सोनोग्राफी नॉर्मल आहे. मग दुर्बिणीचा खर्च कशाला?

सोनोग्राफी खडा आणि मोठी गाठ चांगली दाखवते. मूत्राशयाच्या भिंतीवरची चपटी, लहान गाठ आणि नळीतली गाठ ती सहज चुकवते. दुर्बिणीने भिंत डोळ्यांनी दिसते. भूल बहुधा फक्त जेलीची, वेळ पाच-दहा मिनिटं, आणि त्याच दिवशी घरी. पुढचे दोन दिवस थोडी जळजळ आणि गुलाबी लघवी चालते. सीटी करायची असेल तर आधी क्रिएटिनिन तपासतात, कारण त्यातला डाय किडनीला झेपायला हवा.

याच ठिकाणी एक जिव्हाळ्याची विनंती. खड्याच्या ऑपरेशननंतर डीजे स्टेंट (किडनी ते मूत्राशय ठेवलेली तात्पुरती बारीक नळी) टाकला असेल तर चालल्यावर लघवी गुलाबी होते, ते अपेक्षित आहे. पण स्टेंट काढायची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. "त्रास नाही" म्हणून विसरलेला स्टेंट दोन वर्षांनी काढायला बसलो की त्यावर खड्याचा चुना चढलेला असतो, आणि एका साध्या कामाची दोन-तीन ऑपरेशनं होतात.

१६. मग यूरॉलॉजिस्टकडे जाऊ की नेफ्रॉलॉजिस्टकडे?

रक्त लाल आहे, रक्ताचे गोळे पडतात, कळ येते, तर यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाचा सर्जन. लघवी तपकिरी आहे, फेस येतो, प्रोटीन वाढलंय, सूज किंवा बीपी आहे, क्रिएटिनिन चढतंय, तर नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचा डॉक्टर. मायक्रोस्कोपखाली पेशी वेड्यावाकड्या आकाराच्या दिसल्या तर रक्त किडनीच्या गाळणीतून येतंय असा संशय येतो. शंका असेल तर आधी कोणाकडेही जा, पुढचा रस्ता तो दाखवेल.

नागपुरात सुपर स्पेशालिटी रुग्णालयात दोन्ही विभाग आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे दवाखान्यातल्या योजनेच्या टेबलवर विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, गावाहून रिकाम्या हाताने यायचं नाही.

१७. रात्रीच धावायचं कधी?

लघवी अडली आणि रक्ताचे गोळे येत असतील. थंडी वाजून ताप आणि पाठीत दुखत असेल. चक्कर येत असेल, घाम फुटत असेल. अपघात किंवा पडण्यानंतर रक्त आलं असेल. गरोदर असताना रक्त आलं असेल. एकच किडनी असताना रक्त आलं असेल. यात सकाळची वाट पाहू नका. रक्ताच्या गुठळ्यांनी अडलेली लघवी काढायला जाड नळी टाकून पाण्याने धुवावं लागतं, ते घरी होत नाही.

१८. सावजी खाल्लं की जळजळ होते. रक्तही त्यानेच का?

नाही. तिखटाने मूत्राशय चिडतं, रक्त येत नाही. रक्त आलं तर प्रश्न ४ वाचा आणि मटण तूर्त बाजूला ठेवा.

१९. सगळ्या तपासण्या केल्या, काहीच निघालं नाही. आता?

हे अनेकांच्या बाबतीत होतं, आणि ते वाईट नाही. साधारण वर्षाने लघवी, बीपी आणि क्रिएटिनिन पुन्हा पाहायचं. मध्येच पुन्हा दिसणारं रक्त आलं तर "मागच्या वेळी नॉर्मल होतं" म्हणून थांबू नका, पुन्हा या. आणि येताना जुन्या दुर्बिणीचा रिपोर्ट, सीटीची सीडी, चालू गोळ्यांची पाकिटं आणि तो मोबाइलमधला फोटो आणा. मी सगळ्यात आधी तो फोटोच मागतो.